खासगी वीज मंडळ

मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. १९२७ सालापासून हे बिनबोभाट चालू आहे. त्याआधी बोभाटा बराच झाला होता. १९२१ मध्ये, आपली गावं बुडणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचं पुढारपण करता करता पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले. धरण मात्र झालंच. शंभर वर्षांनी त्याच जलाशयाच्या मागच्या अंगाला, एका टेकाडावर, आमच्या साडूंनी अकरा गुंठे जागा घेऊन घर बांधलं आहे. व्हरांड्यात उभं राहिलं की नजर जाईल तिथवर मुंबईच्या विजेचा कच्चा माल पसरलेला दिसतो. व्हरांड्यातला दिवा लागत नाही, कारण वीज नाही.

“नाही असं नाही,” साडू म्हणतात, “आम्ही घेतलेली नाही.”

हे खरं आहे. खांब खालच्या रस्त्यापर्यंत आलेले आहेत. तिथून टेकाडापर्यंत तार ओढायचा खर्च किती, हे कळलं त्या दिवशी साडूंना स्वावलंबनाचं महत्त्व पटलं. त्यात चिरंजीव कोलोराडोला. त्यांनी तिथल्या डोंगरातल्या लाकडी घरांचे फोटो पाठवले. तारेशी काडीचा संबंध न ठेवता बर्फात मजेत राहणारी माणसं. दारात एक कुत्रा, एक प्रोपेनची टाकी आणि एक जनरेटर. ते फोटो आल्यापासून साडूंच्या अंधाराला प्रतिष्ठा आली.

साडूंना पूर्वीपासून ओळखणाऱ्यांना यात वेगळंच काही दिसतं. या माणसाने उमेदीची वर्षं वीज मंडळाला शिव्या घालण्यात सत्कारणी लावली आहेत. लाइट गेली की इतर लोक मेणबत्ती शोधायचे, साडू फोन शोधायचे. २००५ साली मंडळाचे निर्मिती, पारेषण आणि वितरण असे तुकडे झाले तेव्हा साडू मनापासून आनंदले. आता पत्रं पाठवायला पत्ते वाढले होते. भारनियमनाच्या काळात त्यांच्याकडे एक वही होती. लाइट कधी जाणार असं छापून आलं, प्रत्यक्षात कधी गेली, कधी आली आणि फोनवरचा माणूस काय म्हणाला, हे सगळं तिच्यात तारीखवार असे. पुण्यातलं भारनियमन संपलं तेव्हा बाकीच्या शहराने सुटकेचा श्वास सोडला. साडू वही घेऊन नुसते बसून राहिले.

असा माणूस आता स्वतःची वीज स्वतः तयार करायला निघाला होता.

“सोलर का नाही?” हे प्रत्येक पाहुणा विचारतो. सोलर आहे. छपरावर पॅनेल आहेत, खाली बॅटऱ्या आहेत, इन्व्हर्टर आहे, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते सगळं गुण्यागोविंदाने चालतं. पण हे घर ताम्हिणी घाटाच्या अलीकडे आहे. तिथे जूनमध्ये ढग येतात ते कुठे जात नाहीत, तिथेच राहतात. आषाढात सूर्य हा ऐकीव माहितीचा विषय होतो. बॅटऱ्या निम्म्यावर येतात, मग पाव होतात, मग इन्व्हर्टर टूं टूं करायला लागतो. शिवाय बोअरची मोटर आहे, ती सोलरवर उचलत नाही. तेव्हा तारेपासून फारकत घेणारा प्रत्येक जण फिरून फिरून एका दोरीच्या यंत्रापाशी येतो. प्रश्न एवढाच उरतो की त्या यंत्रात घालायचं काय. पेट्रोल की गॅस?

आमच्या पिढीचं जनरेटरविषयीचं ज्ञान दुकानदारांकडून आलेलं आहे. नव्वदच्या दशकात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर फुटपाथवर एक छोटं यंत्र थरथरत असे. ते पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि गरम झालं की मालक एक खटका फिरवून त्याला रॉकेलवर घ्यायचा. रेशनचं रॉकेल निळं असायचं, म्हणजे ते गोरगरिबांच्या स्टोव्हसाठी आहे हे दिसावं. संध्याकाळी सगळ्या बाजारपेठेत जो निळसर धूर असायचा त्याचा या निळ्या रंगाशी संबंध नव्हता असं दुकानदार शपथेवर सांगत. आता रॉकेलही गेलं आणि तो खटकाही. पण त्या खटक्याने एक गोष्ट मनात पक्की केली होती, की इंधनाची निवड हा पुरुषाच्या कर्तबगारीचा विषय आहे.

त्यामुळे साडूंनी बैठक बोलावली. पेट्रोलच्या बाजूने स्वतः साडू. गॅसच्या बाजूने शेजारच्या प्लॉटवरचे निवृत्त प्राध्यापक, विषय रसायनशास्त्र. त्यांना कोलोराडोहून व्हिडिओ कॉलवर चिरंजीवांचा पाठिंबा. पौडहून मिस्त्री आले होते. ते दोन्ही प्रकारची यंत्रं विकतात आणि दोन्ही प्रकारची दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर तटस्थतेचं तेज होतं. मेव्हणी भजी तळत होती आणि आतून ऐकत होती.

साडूंनी सुरुवात जोरदार केली. पेट्रोल पौडला पंपावर मिळतं. यंत्र हलकं, स्वस्त, एका हाताने उचलता येतं. अडचण आली तर स्कूटरमधून काढता येतं. नळीने पेट्रोल ओढताना ते कधीतरी तोंडात जातं हा मुद्दा प्राध्यापकांनी मांडला. साडूंनी तो अनुभव म्हणून स्वीकारला.

मग प्राध्यापकांनी विचारलं, “साठवणार कसं?”

इथे पेट्रोल पक्षाची पहिली विकेट पडली. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागितलं तर तिथला पोरगा आपल्याकडे असा बघतो की आपण रात्री कुणाचं तरी दुकान जाळायला निघालो आहोत. साडू हे असलं बघणं सहन करणाऱ्यातले नाहीत. त्यांनी सरळ कायदाच काढला. पेट्रोलियम कायदा, सन १९३४. त्याच्या आठव्या कलमात म्हटलं आहे की विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. साडूंनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. “पुढे वाचा,” प्राध्यापक म्हणाले. पुढे लिहिलं होतं की हे पेट्रोल काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या, घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवावं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपेक्षा मोठं नको.

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

“माझ्या बरण्यांना हात लावायचा नाही,” मेव्हणी आतून म्हणाली.

कायदा तिच्या विरुद्ध होता. लोणच्याच्या बरणीत एक लिटर पेट्रोल ठेवणं १९३४ च्या कायद्याने या देशात रीतसर आहे आणि ते संसदेत कुणालाही खटकलेलं नाही. प्लास्टिकच्या कॅनचा त्यात उल्लेख नाही, कारण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकचा कॅन नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे बरणी होती. साडू दादरा बांधलेली बरणी घेऊन मोटारींच्या रांगेत उभे आहेत आणि “फुल करा” म्हणताहेत, हे चित्र मला अजूनही अधूनमधून दिसतं. शेवटी ठराव झाला की बुचाचा पत्र्याचा डबा आणायचा.

पण खरी गोम साठवणीच्या भांड्यात नाही, पेट्रोलमध्येच आहे. जनरेटर हे घरातलं असं यंत्र आहे की ते वापरावं लागू नये अशी प्रार्थना करत आपण ते विकत घेतो. आणि पेट्रोल हे वापरण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नव्हे. ठेवलं की त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हळूहळू चिकटा होतो आणि तो कार्बोरेटरच्या त्या केसाएवढ्या भोकात जाऊन बसतो. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल उसापासून होतं, मक्या-तांदळापासूनही होतं, आणि त्याला पाण्याची भारी ओढ. हवेतला ओलावा ते शोषून घेतं, आणि पुरेसं पाणी मिळालं की पेट्रोलशी फारकत घेऊन, पाण्याला बरोबर घेऊन, टाकीच्या तळाशी वेगळं बिऱ्हाड करतं. ताम्हिणीच्या अलीकडे जुलैमध्ये हवेत ओलावा किती असतो हे ज्याचे कपडे तिथे वाळले नाहीत त्याला विचारावं. इंजिनाला इंधन तळातून जातं. म्हणजे भर पावसात, अंधारात, गरजेच्या वेळी दोरी ओढल्यावर त्या बिचाऱ्याला आधी मिळतो तो उसाचा पाणचट अर्क. या महाराष्ट्रात साखर कारखान्याने काय काय बंद पाडलं आहे याची यादी मोठी आहे. तीत कार्बोरेटरही आला.

“म्हणून वापर झाला की कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं,” मिस्त्री म्हणाले. “आतलं सगळं संपलं पाहिजे.”

“आणि नाही केलं तर?”

“तर माझा नंबर आहेच.”

आता गॅसवाल्यांची पाळी आली. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. गॅस शिळा होत नाही. सिलेंडर पाच वर्षांनी उघडला तरी आतला गॅस काल भरल्यासारखा. इंजिन आतून स्वच्छ राहतं, ऑइल लवकर काळं पडत नाही, कार्बोरेटर तुंबत नाही. रात्री टॉर्च तोंडात धरून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतायचा प्रसंग येत नाही. कॉलवरून चिरंजीव म्हणाले, “बाबा, इकडे सगळे प्रोपेनच वापरतात. दुकानाबाहेर जाळीच्या कपाटात सिलेंडर असतात, रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा.”

मेव्हणी भज्यांची थाळी घेऊन बाहेर आली. “माझा घरचा सिलेंडर लावणार आहात का?”

तो लावता येत नाही. घरगुती लाल सिलेंडर, १४.२ किलोचा, स्वयंपाकासाठीच वापरायचा असा २००० सालचा सरकारी आदेश आहे. जनरेटरला लावायचा तर व्यावसायिक निळा, १९ किलोचा. साडूंनी हे ऐकून वहीत नोंद केली. त्यांच्याकडे पुन्हा वही आलेली आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग तो सिलेंडर पुण्याहून आणायचा कसा, हा प्रश्न. तो आडवा ठेवायचा नाही. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रवच बाहेर यायची भीती. मोटारीत उभा राहील अशी एकच जागा निघाली, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. मेव्हणी मागे बसेल असं साडूंनी परस्पर सांगून टाकलं. तिने भज्यांची थाळी उचलली आणि आत नेली.

त्यानंतरची चर्चा उपाशीपोटी झाली, त्यामुळे थोडी कडवट होती. साडूंनी पलटवार केला. “चिरंजीवांचं प्रोपेन आणि आपला गॅस हे एक नाही.” आणि खरंच नाही. प्रोपेन उणे बेचाळीस अंशाला उकळतं, म्हणून कोलोराडोच्या बर्फातही ते सिलेंडरमधून वायू होऊन निमूटपणे बाहेर येतं. आपल्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, आणि ब्युटेन शून्याच्या जरासंच खाली उकळतं. मुळशीत काही शून्य होत नाही. पण द्रवाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो, ती सिलेंडरच्या अंगातून. छोट्या सिलेंडरवर मोठं इंजिन लावलं की सिलेंडर थंड पडतो, त्याला घाम येतो, मग खालच्या बाजूला पांढरा हिमाचा पट्टा धरतो, आतला दाब उतरतो आणि इंजिन एकदा जोरात, एकदा हळू असे हेलकावे खायला लागतं. डिसेंबरच्या पहाटे हे नक्की होणार. शेगडीवर दूध तापवताना आपल्याला हे कधी दिसत नाही, कारण शेगडीची भूक ती केवढी!

“आणि किती उरलाय ते कळणार कसं?” साडूंनी शेवटचा बाण सोडला. “पेट्रोल डोळ्यांनी दिसतं.”

प्राध्यापक रेग्युलेटर, दाब, घनता असं काही बोलू लागले. आतून आवाज आला, “ओलं फडकं फिरवा.” महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहिणीला हे माहीत असतं आणि रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाला नसतं. सिलेंडरवरून ओलं फडकं फिरवायचं. जिथे आत द्रव आहे तिथे पत्रा थंड असतो, तिथलं पाणी उशिरा वाळतं, वरचं लवकर. रेघ दिसते. नाहीतर सरळ वजन करायचं, रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्या कड्यावर लिहिलेलं असतंच. प्राध्यापकांनी हे शास्त्रीयदृष्ट्या अचूक असल्याचं मान्य केलं, आणि त्याबद्दल त्यांना दोन भजी मिळाली.

मग मिस्त्रींनी पेन मागितलं. मला वाटतं, खरी बैठक तिथून सुरू झाली. कागदावर यंत्र २००० वॅटचं. गॅसवर चालवलं की साधारण दहा टक्के ताकद कमी, उरले १८००. आपली जागा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच; उंचीवर हवा विरळ, दर हजार फुटांना साडेतीन टक्के वजा, म्हणजे आणखी सात टक्के. उरले पावणेसतराशे. बोअरची मोटर एक हॉर्सपॉवर, म्हणजे चालताना पुरे हजार वॅट धरा. साडूंचा चेहरा फुलला. पण मोटर चालते ती सुरू झाल्यानंतर. सुरू होताना तिला एका क्षणापुरते तिप्पट-चौपट लागतात. साडूंनी बोटांवर हिशोब केला आणि त्यांचा चेहरा पडला.

“मग पेट्रोल घेतलं तर?”

“तर साडेअठराशे. तरीही उचलणार नाही.”

म्हणजे ज्या फरकासाठी सकाळपासून दोन पक्ष एकमेकांशी भांडत होते तो दोनशे वॅटचा होता, आणि घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाला दोन्ही पक्ष सारखेच निरुपयोगी होते. हे कळल्यावर कोणाचाही आवेश कमी झाला नाही. पैशांचंही तेच. छोटं यंत्र एका लिटरमध्ये, पुरेसा लोड असेल तर, दोनेक युनिट वीज देतं. गॅसचा एक किलोही साधारण तेवढीच. म्हणजे कशावरही चालवा, युनिट चाळीस-पन्नास रुपयांना पडतं. आणि एवढ्या यंत्रावर एक पंखा आणि दोन दिवेच लावले तर इंजिन बरंचसं स्वतःलाच फिरवत बसतं आणि तोच दर शंभराच्या वर जातो. वीज मंडळाने दर वाढवले तेव्हा याच साडूंनी कॉलनीत सह्यांची मोहीम काढली होती.

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, म्हणून ती सरळच सांगतो. पेट्रोल घाला की गॅस, इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेला, गळती कळावी म्हणून. या विषाला तसा कोणी मिसळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरून बसतं, आणि माणसाला वाटतं की डोकं दुखतंय, जरा पडावं. जो पडतो तो उठेलच असं नाही. म्हणून यंत्र घरात नाही, पडवीत नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून निदान वीस फूट लांब आणि धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला. गॅस स्वच्छ जळतो म्हणून तो आत चालेल, असं प्राध्यापकांच्या पक्षातलं कोणी म्हणायला लागलं तर त्याला भजी सोडा, चहाही देऊ नये.

पण मग पाऊस? वीज लागते ती पावसात, आणि यंत्र भिजवायचं नाही. घरात आणलं तर माणूस जातो, बाहेर ठेवलं तर यंत्र. पुन्हा एक बैठक झाली. वीस फुटांवर, तीन बाजूंनी मोकळी, पत्र्याची एक शेड बांधायचं ठरलं. टेकाडावर सपाट जागा नसल्याने आधी कोबा करावा लागला, कारण यंत्र तिरकं राहिलं की आतल्या ऑइलच्या पातळीचा सेन्सर ‘ऑइल नाही’ असं समजून इंजिन चालूच होऊ देत नाही. सिलेंडर ठेवायचा तोही उताराच्या वरच्या अंगाला नको. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर ओघळत खाली घराकडेच येणार. एवढं सगळं झाल्यावर साडूंनी खर्चाची बेरीज केली, खालच्या रस्त्यापासूनच्या खांबांच्या आकड्याशेजारी ती लिहिली, आणि ते पान फाडलं.

यंत्र आलं ते दोन्ही इंधनांवर चालणारं. तडजोड म्हणून हे उत्तम आहे. आता भांडणाला हंगामाचं बंधन राहिलेलं नाही. शेडवर साडूंनी दोन खटके रंगवून घेतले, एक लाल, एक निळा. आवाज भरपूर आहे. ज्या शांततेसाठी पुणं सोडलं ती यंत्र चालू असताना अर्ध्या किलोमीटरवर सुरू होते.

पण यंत्रापेक्षा साडूंमध्ये झालेला बदल पाहण्यासारखा आहे. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद लागला. मथळा ‘भारनियमन वेळापत्रक’. सकाळी सात ते आठ पुरवठा; त्यात मिक्सर अथवा इस्त्री, दोन्ही नाही. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. फोन चार्जिंग पाहुण्यांसाठी अर्धा तास, जागा उपलब्ध असल्यास. गुरुवारी सकाळी पुरवठा बंद, देखभाल-दुरुस्तीसाठी. गुरुवारच का, असं मेव्हणीने विचारलं. पुण्यात पाणी असो की लाइट, बंद ठेवायची ती गुरुवारी, हे जिथे तीन पिढ्यांना पाठ आहे तिथली ही बाई असं कसं विचारते, याचं साडूंना आश्चर्य वाटलं.

भर आषाढात आम्ही तिथे गेलो तेव्हा संध्याकाळी सातला मेव्हणीने पंखा लावायला सांगितला. साडू जागचे हलले नाहीत. “साडेसातला.” साडेसात वाजले. यंत्र चालू झालं आणि दहा मिनिटांत बंद पडलं. आम्ही सगळे अंधारात. मेव्हणीने विचारलं, “काय झालं?”

“फॉल्ट आहे. माणूस गेलाय.”

“कोण माणूस?”

“मीच चाललोय.”

तो कधी येईल हे विचारल्यावर ते आत्ताच सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. पावसात शेडकडे जाणारी ती टॉर्च पाहताना माझ्या बायकोने हळूच सांगितलं की हे वाक्य तिने पूर्वी कुठेतरी ऐकलं आहे. मीही ऐकलं होतं. साडूंच्या जुन्या वहीत ते फोनवरच्या माणसाच्या नावाखाली पानापानावर होतं, लाल शाईने अधोरेखित केलेलं.

परत आल्यावर त्यांनी कारण दिलं नाही. अधिकारी कारण देत नाहीत. फक्त इंधनाचा प्रकार बदलून पुरवठा पूर्ववत केला आणि वेळापत्रकाखाली एक ओळ वाढवली: पाहुण्यांनी येताना इंधन आणावे, दोन्हींपैकी कोणतेही चालेल. याला ते इंधन समायोजन आकार म्हणतात. पूर्वी वीजबिलावर हा रकाना आला की त्यांचा रक्तदाब वाढायचा. आता पाहुण्याच्या हातात पेढ्यांचा पुडा दिसला की वाढतो.

चिरंजीवांनी फोनवर सुचवलं की मोटर उचलेल असं पाच हजार वॅटचं यंत्र घ्यावं. साडू विचारात आहेत. मागणी वाढते आहे, म्हणतात, क्षमता वाढवावी लागेल. प्रस्ताव तयार आहे, निधी नाही.

मेव्हणीने वाट पाहिली नाही. बोअरचं पाणी दोरीच्या बादलीने काढता येत नाही हे तिने चार महिने ऐकून घेतलं, आणि मग पौडला जाऊन नवीन जोडणीचा अर्ज केला, स्वतःच्या नावाने, खांबांच्या खर्चासकट. पैसे तिचे, सही तिची. सर्वेक्षणाला माणूस येऊन गेला, खुणेचे दगड रोवले गेले.

साडूंना ही बातमी आम्हीच फोनवर दिली. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. पलीकडे थोडा वेळ वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.

“येऊ दे,” ते म्हणाले. “फक्त त्यांचा मेंटेनन्स गुरुवारी असतो. मग मी माझा बुधवारी घेतो.”